तीन प्लेटा

"…मग चुकलं कुणाचं, सर?"

चुकलं होतं मुजावर सरांचं.

हे आधीच सांगितलेलं बरं. नाही तर अशा गोष्टींत शेवटी सगळा दोष पोरांवर घसरतो आणि म्हातारा तेवढा दाढी कुरवाळत शहाणा होऊन बसतो.

पण त्या दुपारी वर्कशॉपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारणाऱ्या धनराज लोमटेलाही नव्हतं. त्याच्या हिशेबानं चूक शिवकन्या केंद्रेची होती, आणि सरांनी ती सगळ्यांसमोर बोलून दाखवावी एवढ्यासाठीच त्यानं आवाज चढवला होता.

"काय चुकलं, ते सांग आधी," सर म्हणाले.

"प्लेटा जुळत नाहीत."

"कुणाची कुणाशी?"

"माझी… हिच्याशी."

सरांच्या हातातली चिंधी थांबली.

"एकमेकांना लावल्या तुम्ही?"

 नेमकं तेच करायचं नव्हतं.

त्या कॉलेजात दर मे महिन्यात ब्रिज कोर्स चालायचा. बारावी झालेली, सीईटी देऊन बसलेली, खेड्यापाड्यांतून आलेली पोरं. पुढे इंजिनिअरिंगला गेली तर पहिल्याच वर्षी बुजून पळून जाऊ नयेत म्हणून ही उन्हाळ्याची तयारी. सकाळी गणित आणि फिजिक्स. ते शिकवायला तरुण प्राध्यापक यायचे, फळ्याशी बोलायचे आणि गाडीची किल्ली फिरवत निघून जायचे.

दुपारी वर्कशॉप. वर पत्रा, बाहेर बालाघाटाचं ऊन. तिथं मुजावर सर.

सर महिनाभर एकच गोष्ट शिकवायचे. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक प्लेट सपाट करायची. वहीएवढी, पण उचलताना दोन्ही हात लागतील अशी जड. यंत्रावर नाही, हातानं.

"कुठल्या प्लेटा घासायलास रे दिवसभर?" धनराजच्या आईनं फोनवर विचारलं होतं. "लग्नातल्या का?"

सरांची स्वतःची एक प्लेट होती. लाकडी चौरंगावर, मखमलीखाली, देवासारखी. तिच्यावर निळ्या रंगाचा पुसट हात फिरवायचा. आपली प्लेट तिच्यावर पालथी घालायची, घासायची, उचलायची. आपल्या प्लेटवर जिथं निळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत लावायची, परत खरवडायचं. असं करत करत सगळ्या अंगभर निळे ठिपके सारखे उमटले की झाली सपाट. सरांच्या प्लेटसारखी.

नियम एकच. लावायची ती सरांच्या प्लेटला. पोरांनी आपापसात लावायच्या नाहीत.

का? सरांच्या उस्तादांनी तसं सांगितलं होतं. उस्तादांनी का सांगितलं होतं? ते सरांनी विचारलं नव्हतं. मोठ्यांच्या नियमांचं असंच असतं. कारण हरवतं, नियम तेवढा पाठ राहतो.

आणि त्या प्लेटवर एक जागा टांगलेली होती. कोर्सच्या शेवटी ज्याची प्लेट सगळ्यांत चांगली, त्या एकाला कॉलेज चारही वर्षं स्वतःच्या खर्चानं शिकवायचं. नाव सर द्यायचे. सर देतील ते नाव. प्राचार्य फक्त हार घालायचे.

धनराजला ती जागा हवी होती. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "फुकट मिळाली तर शीक. नाही तर मामाच्या डीजेवर जा. तिथं पण वायरिंगच आहे."

मामाचा डीजे म्हणजे ट्रकवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या. वरातीपुढे नाचणाऱ्यांच्या घामात उभं राहून बटणं फिरवायची. धनराजनं एक हंगाम ते केलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस कानात कुणीतरी पत्रा बडवत होतं.

म्हणून तो प्लेटवर तुटून पडला होता. आणि चांगला होता. हे त्याला माहीत होतं, आणि बाकीच्यांना ते माहीत नसेल या काळजीनं तो ते रोज सांगायचा.

त्याच्या तोडीला एकटी शिवकन्या होती. धारूरकडची. बोलायची कमी, पण बोलली की लागायचं.

त्या दुपारी दोघांच्याही प्लेटा सरांच्या प्लेटला जुळल्या. अंगभर ठिपके. सर चहाला गेले होते.

"माझ्यावर ठिपके दाट आहेत," धनराज म्हणाला.

"गोवर आलाय वाटतं."

पोरं हसली. धनराजला ते सोसलं नाही.

"आण इकडं तुझी. माझ्यावर ठेव. कुठं कच्ची आहे ते सगळ्यांना दाखवतो."

"आपापसात लावायच्या नाहीत."

"का, भ्यालीस?"

तिनं काही न बोलता आपली प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या प्लेटवर पालथी ठेवली.

धनराजनं वरच्या प्लेटच्या कोपऱ्याला बोटानं नुसतं ढकललं.

प्लेट फिरली.

सरकली नाही. फिरली. मधल्या एका बिंदूवर, भोवऱ्यासारखी, गर्रकन पूर्ण फेरा घेऊन थांबली. एवढं जड बीड, आणि एका बोटानं.

पोरं पुढे सरकली. कुणीतरी "आयला" म्हणालं.

धनराजनं परत ढकललं. परत फिरली.

तेवढ्यात सर चहा पिऊन आत आले, आणि धनराजनं तो प्रश्न विचारला.

सरांनी चिंधी खाली ठेवली. ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. ते जवळ आले, वाकले आणि त्यांनीही एका बोटानं ढकललं.

फिरली.

"बघा, सर," धनराज म्हणाला. "हिची मधे फुगलीय. म्हणून फिरायलीय."

"हिची मी सकाळी बघितली. माझ्या प्लेटला जुळते."

"परत बघा."

सरांनी परत बघितली. निळा लावला, घासली, उचलली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठिपके. एकही जागा सुटलेली नाही.

"जुळते," सर म्हणाले.

शिवकन्यानं धनराजकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग तुझी बघू."

धनराजची लावली. ठिपके. दाट, बारीक, सारखे.

"तुझी पण जुळते."

"मग…"

"मग?"

पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. कुणीतरी पंखा बंद केला. का केला, त्यालाही सांगता आलं नसतं. ऐकू यावं म्हणून असेल.

"तिची माझ्याशी जुळते," सर हळू म्हणाले. "तुझी माझ्याशी जुळते. तुमचं दोघांचं एकमेकांशी जुळत नाही… बोल. चुकलं कुणाचं?"

धनराजला तेव्हा कळलं.

 जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं. दोघांच्या प्लेटा मधे फुगलेल्या. फुगवट्यावर फुगवटा ठेवला म्हणून फिरली. आणि दोन्ही फुगलेल्या प्लेटा ज्या एका प्लेटमध्ये चपखल बसतात ती…

त्यानं चौरंगाकडे बघितलं. मग पटकन नजर काढून घेतली.

उद्या प्राचार्य येणार होते. उद्या सर नाव देणार होते. आता फक्त "तिचीच चुकली" असं रेटून म्हणायचं होतं. सरांना तेच ऐकायचं असणार. कुठल्याही म्हाताऱ्याला तेच ऐकायचं असतं, की चूक पोरांची आहे.

"बोल," सर म्हणाले.

धनराज बोटांचा निळा पँटीला पुसत राहिला.

"सगळी थांबलीत."

धनराजनं शिवकन्याकडे बघितलं. तिनं मान किंचित हलवली. नको, असं म्हणत होती की बोल, असं म्हणत होती, ते त्याला कळलं नाही.

"तुमची, सर."

"मोठ्यानं."

"तुमची प्लेट सपाट नाही. मधे खोल गेलीय. आम्ही तिच्याशी जुळवायला गेलो, म्हणून आमच्या फुगल्या."

"धन्या," मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मेलास."

"आमच्या दोघांच्याच नाही," शिवकन्या म्हणाली. "सगळ्यांच्या. आमच्या आधी आले त्यांच्यापण."



सरांनी आपल्या प्लेटवर तळहात ठेवला. कपाळावर ठेवतात तसा. ती त्यांच्या उस्तादांनी दिलेली होती. उस्तादांनी ती दिली तेव्हा कदाचित सपाटच होती. मग वर्षानुवर्षं पोरं आली, तिच्यावर आपापलं बीड घासत राहिली, आणि मधला भाग झिजत झिजत खोल गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? प्रत्येक नवीन प्लेट तिच्याशी जुळतच होती. पिढ्याच्या पिढ्या सरांशी अगदी बरोबर जुळून, पोटात फुगवटा घेऊन, डिग्र्या मिळवून बाहेर पडल्या. कुणी पूल बांधत असेल, कुणी बायकोला सरळ वागायला शिकवत असेल.

आणि एवढ्या वर्षांत सरांना एकदाही वाटलं नाही, की आपलीच एकदा तपासावी.

"उस्ताद…" सर म्हणाले आणि थांबले.

तळहातानं त्यांनी प्लेटची कड चाचपली.

"उस्ताद तीन प्लेटा घ्यायचे. नेहमी तीन घेऊन बसायचे. मी म्हणायचो, एक मला द्या… त्यांनी दिली. मी घेऊन आलो आणि मखमल घातली."

"तीन कशाला?" धनराजनं विचारलं.

"मी नाही विचारलं."

असं म्हणून सरांनी कडेला सारलेली मखमल ओढून खाली टाकली. दोन्ही हातांनी प्लेट उचलली आणि चौरंगावरून खाली आणली. उघड्या फरशीवर ठेवली. शेजारी धनराजची, तिच्या शेजारी शिवकन्याची. मग स्वतःही फरशीवर मांडी घालून बसले. गुडघे कडकड वाजले.

"यातली सपाट कुठली?"

"कुठलीच नाही, सर."

"मग आता कुणाला धरून चालायचं?"

 धनराजला भीती वाटायला लागली, आणि ती जागा जाण्याची नव्हती. आजवर काहीतरी एक खरं धरून बाकीचं तपासायचं, हे त्याला ठाऊक होतं. पुस्तकाच्या मागं उत्तर असतं. मास्तरला माहीत असतं. मास्तरला नसलं तर मास्तरच्या मास्तरला असतं. कुठंतरी, कुणाजवळ तरी, सपाट एक असतंच. आणि इथं तीन प्लेटा होत्या, तिन्ही वाकड्या, आणि म्हातारा विचारत होता.

"दोन असल्या की फसवतात," शिवकन्या म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती. "एक खोल, एक फुगलेली. दोघींचं जुळतं. ठिपके पण येतात."

"हं."

"तिसरी आली की…"

"तिसरी आली की काय?"

"तिसरी खोल प्लेटला जुळवली तर ती पण फुगते. मग दोन फुगलेल्या समोरासमोर आल्या की भांडतात."

"आत्ता भांडल्या तशा," धनराज म्हणाला.

त्याचं डोकं आता पळायला लागलं होतं. तो फरशीवर उकिडवा बसला. तिन्ही प्लेटांकडे बोट नाचवत म्हणाला, "म्हणजे पहिली दुसरीला लावायची. दुसरी तिसरीला. तिसरी परत पहिलीला. आडवी फिरवून, उभी फिरवून. ज्या दोघींचं जुळत नाही त्या दोघींच्या उंच जागा खरवडायच्या. तिघी फुगलेल्या असल्या तर लागणार नाहीत. तिघी खोल असल्या तरी नाहीत. पहिलीचं दुसरीशी जुळलं पाहिजे, दुसरीचं तिसरीशी, तिसरीचं पहिलीशी… सगळं एकाच वेळी. असं कधी होईल? असं होईल फक्त…"

तो थांबला.

"फक्त काय?" सर म्हणाले.

"…तिन्ही सपाट असल्या तरच."

त्यानं तिन्ही प्लेटांवरून परत एकदा बोट फिरवलं.

"पण सर, सपाट तर आपल्यात कुणाकडेच नाही. मग येणार कुठून?"

 सरांनी धनराजची प्लेट आपल्या मांडीवर ओढली, स्क्रेपर घेतला आणि तिचा फुगवटा खरवडायला लागले. जरा वेळानं मान वर न करता म्हणाले,

"माझी घे. कडा उंच आहेत."

"तुमची, सर?"

"कडा उंच आहेत."

धनराजनं स्क्रेपर घेतला. सरांच्या प्लेटवर हत्यार लावायचं…  आजवर तिला निळा रंग, प्लेटा आणि चिंधी सोडून काही लागलेलं त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं सरांकडे बघितलं. सर त्याच्या प्लेटवर वाकलेले. म्हातारा शिष्याची प्लेट खरवडत होता, आणि शिष्य हातात हत्यार धरून नुसता बसला होता.

त्यानं पहिला घाव घातला. बिडाचा बारीक भुसा निघाला. काळा, चमकणारा.

काही कोसळलं नाही.

प्राचार्यांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशीचा होता, तो संस्थेच्या सचिवांना वेळ नाही म्हणून पुढे गेला. पोरांनी देवाला नमस्कार केला. सगळी आळीपाळीनं त्या तीन प्लेटांवर बसली. निळा लावायचा, घासायची, उचलायची, खरवडायची. रॉकेलच्या चिंधीनं पुसायची. आता दुसरीशी. आता तिसरीशी. हाताच्या रेघांत निळा रंग बसला तो निघेना. मेसमध्ये पोरं भाकरी मोडायची तर भाकरीवर निळी बोटं उमटायची.

"सर, ह्यांच्या पोटात आता ठिपके पडायले," वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या.

सुरुवातीला प्लेटा भांडल्या. पहिल्या दोघींचं जुळवलं की तिसरी बिघडायची. तिसरीची समजूत काढावी तर पहिलीला राग. धनराज दातओठ खायचा.

"ह्यापेक्षा एक कुठली तरी बरोबर म्हणून टाका, सर."

"तेच केलं होतं," सर म्हणाले.

मग एका दुपारी फरक दिसायला लागला. ठिपके दाट झाले. नुसते दाट नाही… सारखे. आधी हिच्यावर, मग तिच्यावर, मग तिसरीवर. पहिलीवर ठेवलेली दुसरी फिरेना. दुसरीवर ठेवलेली तिसरी फिरेना. तिसरीवर पहिली ठेवली आणि बोटानं ढकललं, तर एका बिंदूवर गरगरली नाही. सगळ्या अंगानं टेकलेली, जेमतेम सरकली.

धनराज बघत राहिला.

हे कुणी दिलं नव्हतं. सरांकडे नव्हतं, उस्तादांची प्लेट तर झिजून गेली होती, पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. सपाट म्हणजे काय, हे त्या पत्र्याखाली एकाही वस्तूला ठाऊक नव्हतं. तीन वाकड्या गोष्टींनी एकमेकींना नुसतं खोटं बोलू दिलं नाही. आणि ते आलं. कुठून आलं? आधी कुठं होतं? त्याच्या मानेवर काटा आला. देवळात कधी आला नव्हता.

त्यानं शिवकन्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"काय झालं?"

"काही नाही. रॉकेल लागलंय."

"सर," धनराज म्हणाला, "यातली तुमची कुठली?"

सर वाकले. एक उलटी केली, दुसरी उलटी केली, तिसरी. मग मान हलवली.

"कळत नाही."

आणि ते हसले. अख्ख्या महिन्यात ते पहिल्यांदा हसताना दिसले. तोंडात दात कमी होते, म्हणून ते हसणं तान्ह्या पोरासारखं दिसलं.

नेमके तेव्हाच प्राचार्य कुलथे आले. मागं सचिव, त्यांच्या मागं हार आणि फोटोवाला.

प्राचार्यांनी आधी रिकामा चौरंग बघितला. मग फरशीवर बसलेले सर.

"मुजावर, हे काय? तुमची प्लेट कुठाय?"

"यातलीच एक आहे, सर."

"यातलीच म्हणजे?"

"ती खोटी होती. दुरुस्त केली."

"खोटी?" प्राचार्यांनी सचिवांकडे बघितलं. सचिव मोबाइलकडे बघत होते, त्यांनी मान वर केली. "कधीपासून खोटी?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे आजपर्यंत तुम्ही ज्यांची ज्यांची नावं दिलीत…"

"सगळी त्याच प्लेटवर."

"मुजावर!" प्राचार्यांचा आवाज खाली आला. असल्या माणसांना खरा राग आला की आवाज खाली येतो, वर येतो तो नुसता भाषणात. "हे बोलायची गरज होती? पोरांसमोर?"

"पोरांनीच सांगितलं, सर."

"कुणी?"

सरांनी नाव घेतलं नाही. धनराज स्वतःच पुढे झाला. प्राचार्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, निळ्या बोटांपाशी थांबले आणि नजर काढून घेतली.

"हे वर्कशॉपबाहेर जाता कामा नये," सचिव म्हणाले. त्यांचं तेवढंच वाक्य. ते तेवढ्यासाठीच बोलले.

"बरं, यंदाचं नाव…" सर उठायला लागले. एक हात फरशीवर टेकून, एक गुडघ्यावर.

"नाव राहू द्या," प्राचार्य म्हणाले.

"सर?"

"ज्यांची प्लेटच खोटी निघाली, त्यांचा शब्द धरला म्हणून उद्या कुणी आम्हाला विचारलं तर? सीईटीला ज्याचे सगळ्यांत जास्त मार्क, त्याला जागा. स्वच्छ काम. कुणाला बोलायला जागा नको."

सीईटीत सगळ्यांत जास्त मार्क असलेला पोरगा कोर्सच्या उद्घाटनाच्या फोटोत होता. त्यानंतर तो आला नव्हता. त्याच्या हाताला निळा रंग कधी लागला नव्हता.

सर अर्धे उठलेले तसेच थांबले. काहीतरी बोलण्यासाठी त्यांचं तोंड उघडलं. प्राचार्यांनी हात वर केला. समजूत घातल्यासारखा.

हार परत पिशवीत गेला. फोटोवाल्यानं विचारलं, फोटो काढायचा का. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं रिकाम्या चौरंगाचा एक काढला आणि निघाला.

पोरं एकेक करून हात धुवायला नळाकडे गेली. शिवकन्या जाताना धनराजजवळ थांबली.

"धन्या."

"काय?"

"गोवर नव्हता तो," ती म्हणाली आणि गेली.

आत धनराज आणि सर राहिले. आणि तीन प्लेटा.

सरांनी एक चिंधीनं कोरडी पुसली. दुसरीही पुसली. मग एक दोन्ही हातांनी उचलून दुसरीवर हळूच सोडली.

ती टेकली नाही.

धनराजला वाटलं, आपल्यालाच तसं दिसतंय. तो फरशीवर गाल टेकून आडवा झाला. मधे फट नव्हती, उजेड नव्हता. तरी वरची प्लेट खालचीला लागलेली नव्हती. दोघींच्या मधे हवा अडकली होती. इतकी पातळ, इतकी सगळीकडे सारखी, की तिला बाहेर जायला वाट सापडत नव्हती. एवढं जड बीड त्या हवेवर उभं होतं.

"फुंकर मार," सर म्हणाले.

धनराजनं फुंकर मारली.

प्लेट सरकली. पाण्यावरचं पान सरकावं तशी, आवाज न करता, कडेपर्यंत गेली. सरांनी तिला तळहातानं थांबवलं.



आयुष्यात ज्याला कुणी काही फुकट दिलं नव्हतं असा तो पोरगा, फरशीवर पालथा, तोंड उघडं. त्याला वाटलं, आपण हे बघितलं. आता कुणी काहीही म्हणो. हे आपण बघितलं.

मग बाहेर मामाचा फोन वाजला. चार्जिंगला लावलेला धनराजचा मोबाइल, त्यावर मामानं स्वतःच घालून दिलेली वरातीची ट्यून. वाजत राहिली. धनराज उठला नाही. ट्यून संपली.

"सर."

"हं."

"एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, चुकलं कुणाचं… मी शिवकन्याची चुकली म्हणालो असतो तर?"

सर प्लेट पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत.

"तर जागा कुणाला दिली असती?" धनराजनं विचारलं.

सरांनी चिंधीची घडी घातली. ती प्लेटवर ठेवली. आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"मला तेच ऐकायचं होतं. तुला दिली असती."